पर्यावरणवाल्यांसाठीची नोकऱ्या-बातम्यांची सशुल्क सेवा : वर्ष होत आल्यावरचा अनुभव

वर्गणीचं आपोआप नूतनीकरण होणार असल्याचं पत्र आलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात माझं या सेवेशी वाजलं. म्हणून लिहायला बसले. सेवेचं नाव घेत नाही, या जातीच्या बहुतेक सेवा थोड्याफार फरकाने सारख्याच असतात. रोज सकाळी ईमेल, त्यात नोकऱ्या, फेलोशिप, निविदा, परिषदांची आवाहनं आणि धोरणाच्या बातम्या. शिवाय अॅप, शोध, फिल्टर. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. मी भूजल प्रदूषणाचं काम करते आणि तेही बहुतेक कंत्राटी. एक काम संपत आलं की दुसरं शोधायचं, त्यामुळे वर्गणी वसूल होतेय का, हा प्रश्न मला इतरांपेक्षा जास्त टोचतो.

आता मूळ दुखणं. या सेवेत प्रत्येक जाहिरातीपुढे अंतिम मुदत म्हणून फक्त तारीख असते. वेळ नाही, टाइम झोन नाही. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण पुढे वाचा.

संयुक्त राष्ट्रांच्या पदांची मुदत न्यूयॉर्कच्या वेळेनुसार रात्री ११.५९ला संपते. युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या सर्वसाधारण सभेसाठी गोषवारा पाठवायची मुदत मध्य युरोपीय वेळेनुसार दुपारी १ ही असते. काही शैक्षणिक आवाहनांत ‘पृथ्वीवर कुठेही’ अशी पद्धत असते, म्हणजे जगात कुठेतरी ती तारीख चालू आहे तोवर अर्ज चालतो. हिशेब यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, उणे १२ तासांचा. समजा हिवाळ्यात दोन आवाहनांपुढे १५ तारीख लिहिली आहे, एक दुपारी १वालं आणि एक ‘पृथ्वीवर कुठेही’वालं. पहिलं बंद झाल्यावर दुसरं बंद व्हायला एक मिनिट कमी २४ तास लागतात. या सेवेच्या यादीत मात्र दोन्ही शेजारी शेजारी, ‘१५ तारीख’, आणि दोन्हींपुढे तीच लाल घंटा.

त्यात मार्च महिना. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतात, युरोपात शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि मध्य युरोप यांच्यातलं ६ तासांचं अंतर ५ होतं. शरद ऋतूत पुन्हा एक आठवडा हाच घोळ. ज्या देशांत घड्याळं हलवतच नाहीत, तिथल्या अर्जदाराला तर हे दोन्ही बदल पाठ ठेवावे लागतात.

वाजलं ते असं. युरोपातल्या एका संस्थेचं भूजल प्रारूपणाचं अल्पमुदतीचं काम होतं, माझ्या अंगाचं. अर्ज तयार होता, फक्त एका शिफारसपत्राची वाट बघत होते. संध्याकाळी अॅपची घंटा वाजली : ‘आज शेवटचा दिवस!’ पोर्टल उघडलं तर ते दुपारी १२लाच बंद झालेलं. मध्यरात्रीपर्यंत वेळ आहे असं कुठेच लिहिलं नव्हतं हे खरं, पण बंद झालेल्या दाराची आठवण करून द्यायला घंटा हवी कशाला?

ग्राहक विभागाला लिहिलं. पहिलं उत्तर ठरीव, ‘आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभार’. दुसऱ्यात म्हणे मूळ जाहिरात तपासणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, अटींमध्ये तसं नमूद आहे. मी विचारलं, प्रत्येक मूळ जाहिरात मीच उघडून बघायची तर तुम्ही पैसे कशाचे घेता? तिसऱ्या खेपेला एका माणसाने सरळ उत्तर दिलं आणि तेच जास्त लागलं : मुदतीची वेळ आमच्या डेटाबेसमध्ये असते, पण अॅपच्या पडद्यावर दाटी होते म्हणून दाखवत नाही! कॅलेंडरमध्ये टाकायची जी फाइल देतात, तीतही मुदत ‘दिवसभराचा कार्यक्रम’ म्हणून उतरते. तारीख-वेळ कशी लिहावी याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ८६०१, १९८८पासून आहे. पण पडद्यावर दाटी होते.

हे मला इतकं का झोंबलं, ते क्षेत्रातल्यांना सांगायला नको. विहिरीत सोडलेला दाबमापक लॉगर (पाणी आणि हवा दोन्हींचा मिळून दाब नोंदणारं यंत्र) आणि वर ठेवलेला वायुदाबमापक यांच्या घड्याळांत तासाभराचा फरक राहिला की हवेच्या दाबाची वजावट चुकते आणि पाणीपातळीत नसलेले चढउतार दिसू लागतात. म्हणून आम्ही उपकरणं यूटीसीवर लावतो, नोंदवहीत टाइम झोन लिहितो, नव्या माणसाला पहिल्या दिवशी तेच शिकवतो. आणि आमच्यासाठी चालवलेल्या सेवेला वेळ म्हणजे सजावट वाटते.

बाकी उणिवा लवकर उरकते. ‘पर्यावरण’ हा फिल्टर लावला की कारखान्यांतली पर्यावरण-आरोग्य-सुरक्षा अधिकाऱ्यांची पदं भसाभस येतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पर्यावरण म्हणजे सांडपाण्याचं एक विवरणपत्र, उरलेलं काम हेल्मेट, अग्निशमन आणि अपघात नोंदवही. ती वाईट कामं नाहीत, पण ज्याने जलभूशास्त्र मागितलंय त्याला का दाखवता? ‘संधी’ या सदरात पैसे भरून करायचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतात, पैसे भरून कासवं मोजायला जायच्या सहली असतात, आणि कुणाचाही शोधनिबंध घेणाऱ्या परिषदाही. संधीसाठी मीच पैसे मोजणार असेन तर ती जाहिरात झाली, तिला जाहिरातच म्हणा. अॅप बरं चालतं, बॅटरी खात नाही, पुढे जाऊ.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा नूतनीकरण रद्द करायचं पक्कं होतं. मग तक्रारीला पुरावे जोडावेत म्हणून जुनी पत्रं पहिल्यापासून चाळायला घेतली, आणि मत हललं. नोकऱ्यांच्या यादीमुळे नाही, बातम्यांमुळे. प्रत्येक बातमीखाली त्यांचा संपादक एक ओळ टाकतो : या बातमीने कोणाला काम मिळेल, कोणाचं जाईल. रोजच्या घाईत ती ओळ नजरेआड होते. महिन्यांची पत्रं सलग वाचली की कळतं, हा माणूस क्षेत्र ओळखून आहे.

उदाहरण पीफासचं, म्हणजे जलरोधक कपड्यांपासून टेफ्लॉनपर्यंत वापरल्या जाणाऱ्या, सहजी न विघटणाऱ्या रसायनांचं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एप्रिल २०२४मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोन रसायनांना प्रत्येकी लिटरमागे ४ नॅनोग्रॅम अशी मर्यादा घातली. मे २०२५मध्ये जाहीर झालं की या दोन मर्यादा ठेवणार, पूर्ततेची मुदत २०२९वरून २०३१पर्यंत वाढवायचा विचार, आणि बाकीच्या पीफास मर्यादा मागे घ्यायच्या. सगळीकडे ‘नियम सैल’ एवढीच बातमी फिरली. आमच्या संपादकाने खाली लिहिलं होतं की मोठ्या शुद्धीकरण प्रकल्पांची घाई ओसरेल, पण नमुने घेणं आणि आकडे पडताळणं थांबणार नाही, तिकडे बघा. पटण्यासारखं होतं. लिटरमागे ४ नॅनोग्रॅमच्या पातळीवर प्रयोगशाळेचं यंत्र जेवढं महत्त्वाचं, तेवढाच नमुना घेणारा माणूस. त्याचं जलरोधक जाकीट, टेफ्लॉनचा पट्टा लावलेला नळाचा जोड, काहीही नमुना नासवू शकतं. फील्ड ब्लँक, म्हणजे जागेवरच भरलेला शुद्ध पाण्याचा ताळ्याचा नमुना, नसेल तर अहवाल टोपलीत. मी त्या ओळीवरून दोन सल्लागार कंपन्यांना नमुना-आराखडे तपासून देण्याबद्दल लिहिलं होतं आणि एकीकडून छोटं काम मिळालं. ते या सेवेमुळे मिळालं हे मी चक्क विसरले होते. त्या एका कामात वर्गणी निघाली, वर उरलंही.

दुसरं, खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार. जून २०२३मध्ये स्वीकारला गेला, सप्टेंबर २०२५मध्ये ६० देशांची मंजुरी पूर्ण झाली, १७ जानेवारी २०२६ला लागू झाला. मी भूजलवाली, समुद्राशी माझा संबंध नाही म्हणून ते पत्र न वाचताच बाजूला गेलं होतं. खाली ओळ होती : या करारात पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा स्वतंत्र भाग आहे, त्यामुळे जमिनीवरची मूल्यांकनं केलेल्यांनी सागरी आधाररेषेचा, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या स्थितीचा, अभ्यास सुरू करावा. एका सहकाऱ्याला पाठवलं. तो आघात मूल्यांकनच करतो आणि सध्या रिकामा आहे.

वाईट बातम्याही त्याने गुळगुळीत केल्या नाहीत. युरोपातल्या कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांच्या नियमाला एप्रिल २०२५मध्ये ‘घड्याळ थांबवा’ म्हणून मुदतवाढ मिळाली, तेव्हा अहवाल लिहिणाऱ्यांची भरती आटेल हे त्याने लगेच सांगितलं. जुलै २०२५मध्ये अमेरिकेच्या त्याच पर्यावरण संस्थेने आपला संशोधन विभाग बंद करायचं जाहीर केलं. त्यावर ओळ होती की आता मधल्या फळीच्या पदांसाठी ज्येष्ठ शास्त्रज्ञ अर्ज करतील, नवख्यांनी अर्जात प्रत्यक्ष क्षेत्रकाम ठळक दाखवावं. कोरडा सल्ला आहे, पण उपयोगाचा.

आणि एक गोष्ट यांनी अगदी तळाशी ‘स्वयंसेवा’ सदरात पुरून ठेवली आहे : आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलाच्या विज्ञानाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, मसुद्यांचं तज्ज्ञ परीक्षण. आपलं तज्ज्ञपण आपणच घोषित करून नोंदणी करायची, मसुदा मिळतो, टिप्पण्या पाठवायच्या. मानधन शून्य, पण परीक्षकांची नावं अहवालाच्या परिशिष्टात छापली जातात. सहाव्या आढाव्याच्या पहिल्या कार्यगटाच्या अहवालाचे लेखक २३४ होते आणि त्यावर ७८,००७ टिप्पण्या आल्या होत्या. लेखकांना त्यांची दखल घ्यावीच लागते आणि उत्तरं नंतर प्रसिद्ध होतात. पैसे न घेता मिळणारी अशी संधी कासवांच्या सहलीच्या खाली असते, यावरून यांच्या यादीचा क्रम कोण ठरवतं ते ओळखा.

तर नूतनीकरण. रद्द करायला गेले तर पडद्यावर आधी सवलत दाखवली, ती नाकारल्यावर आणखी सवलत. म्हणजे पूर्ण वर्गणी भरणारे मूर्ख ठरले. मग सेटिंग्जमध्ये ‘खाते’, त्यात ‘बिल’, त्यात सगळ्यात खाली फिकट अक्षरांत ‘तात्पुरतं थांबवा’ असा पर्याय सापडला. तो निवडला. काम शोधायची वेळ आली की चालू करीन, तोवर पैसे कापले जाणार नाहीत. मुदती मी आता मूळ जाहिरातीवरूनच उतरवते, यूटीसीत, स्वतःच्या तक्त्यात.

थांबवल्यावर अॅप बंद झालं, नोकऱ्यांची यादी बंद झाली. बातम्यांचं पत्र मात्र रोज सकाळी येतंय, संपादकाच्या ओळीसकट. ते कसं काय, हे मी ग्राहक विभागाला विचारलेलं नाही.