डोझरची चेन 'टर्न' करून देतो म्हणाला आणि नुसता रंग मारून दिला

जुना चेनचा डोझर ज्यांच्याकडे आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी हे वाचा. आमच्याच भागातले अजून दोघं त्याच वर्कशॉपमधून हात पोळून आलेत, पण लोक हसतील म्हणून कुणी तोंड उघडलं नाही. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

आमची मशीन बीईएमएलची डी-50, सेकंडहँड घेतलेली. काम सपाटीकरणाचं आणि शेततळ्याच्या पाळू दाबायचं, सांगोला-आटपाडी पट्ट्यात. इकडचा मुरूम चेन खातो, आणि डोझरचा निम्मा मेंटेनन्स तसाही खालीच जातो, चेन, तिच्यावर मशीन पेलणारे रोलर, पुढचं चाक म्हणजे आयडलर आणि मागं चेन फिरवणारं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट. आमच्या चेनी इतक्या ढिल्या झाल्या की ग्रीसच्या दाबानं चेन ताणणारा ॲडजस्टर पार टोकापर्यंत बाहेर आला, अजून ग्रीस मारून पण काही फरक पडेना.

आता चेन वाढली म्हणतात म्हणजे लोखंड ताणलं जात नाही, कड्या म्हणजे लिंक जोडणारी पिन आणि तिच्यावरची नळी म्हणजे बुश, हे एका बाजूनं झिजतात आणि प्रत्येक जोडात थोडं थोडं अंतर वाढत जातं. त्यावर जुना उपाय म्हणजे टर्निंग. हायड्रॉलिक प्रेसवर पिन-बुश दाबून बाहेर काढायचे, अर्धा फेरा फिरवायचे आणि न झिजलेली बाजू कामाला लावायची, नवीन चेनच्या मानानं लई स्वस्तात पडतं. पण हे एकदाच होतं आणि वेळेत केलं तरच, बुश फार पातळ झाला असला तर पुढं फुटतो.

तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीतला हा मिस्त्री, ओळखीतून नंबर मिळालेला. "मालक, दीडशे टनी प्रेस आहे आपल्याकडं, दोन्ही चेनी टर्न करतो, खालच्या रोलरना नवीन सील टाकतो, दोन सीझन बघायला नको." मशीन शेडमध्येच ठेवली, चेनी आणि रोलर क्रेननं उचलून टेम्पोत घातले आणि पाठवून दिले. दोन लाखाच्या वर रक्कम ठरली, निम्मी आधीच घेतली. बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी लावला तर महाग पडेल, साध्या कागदावर लिहून देतो.

माल परत आला तो असा चकाचक पिवळा की बघणाऱ्याला वाटावं शोरूममधून आलाय. चेन बसवली, टाइट पण झाली, आम्ही उरलेले पैसे देऊन मोकळे.

पहिल्याच मोठ्या कामावर स्प्रॉकेटपाशी कटकट आवाज सुरू झाला. ऑपरेटर म्हणाला नवीन आहे, बसेल हळूहळू. आठवडाभरात उतारावर वळवताना एक पिन बाहेर सरकली आणि डावी चेन उतरली. ती परत चढवताना आमच्या जुन्या फिटरनं चेनवरच्या पट्ट्या (एका लिंकला एक) मोजल्या, मशीनच्या बुकात दिल्यात त्यापेक्षा एक कमी, दोन्ही बाजूला. म्हणजे टर्निंग वगैरे काही नाही, एक लिंक काढून चेन आखूड केली, म्हणून ती टाइट लागत होती. पिच, म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर, वाढलेलीच राहिली, त्यामुळं बुश स्प्रॉकेटच्या दाताच्या मुळाशी न बसता वर चढायचा आणि तोच तो आवाज. रंग खरवडला तर पिनच्या तोंडावर घणाचे ठोके आणि भोकाभोवती गॅसनं तापवल्याचा निळा डाग. पिन लिंकमध्ये प्रेसनं घट्ट बसवलेली असते, भोक तापवून ढिलं केल्यावर ती कशी थांबणार?

बुशचं तर विचारूच नका. झिजलेल्या जागी साध्या रॉडनं वेल्डिंगची भर घातली आणि ग्राइंडर मारला. खरा बुश वरून हार्ड केलेला असतो, कानस मारली तर ती घसरते, ह्याच्यावर मारली तर भुगा पडत होता! ही टेस्ट कुणालाही जमते, कानस पाच मिनिटात सगळं सांगते. दुसरी टेस्ट म्हणजे टेप. चेन ताणून चार लिंकचं अंतर पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत घ्यायचं, डी-50 ची पिच 175 मिमीच्या आसपास असते म्हणजे चारचे साधारण सातशे यायला पाहिजेत. खरं टर्निंग झालं तर माप नवीनच्या जवळ येतं आणि बुकाएवढ्याच पट्ट्या ठेवून ॲडजस्टर बराच आत जातो. आमचं माप पाठवण्याआधी जेवढं होतं तेवढंच निघालं, फिटरनं तेव्हाच वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून आज बोलता येतंय.

रोलरचा प्लग उघडला तर ऑइलच्या जागी ग्रीस कोंबलेलं. ऑइल आत धरून ठेवणारे फ्लोटिंग सील तेच जुने, पैसे मात्र नवीन सेटचे.

वर्कशॉपवर गेलो तर दीडशे टनी सोडा, चेनचा प्रेसच नव्हता, पत्र्याच्या शेडमध्ये एक हातपंपाचा जॅक आणि गॅस कटर. म्हणे प्रेस रिपेअरला गेलाय. म्हणून सांगतो, चेन पाठवायच्या आधी जाऊन प्रेस डोळ्यानं बघा, चालू असताना बघा. लिंकवर आणि पिनच्या तोंडावर पंचनं खूण मारून फोटो काढा, टर्न झाली की पिनची खूण फिरलेली दिसते. काढलेले जुने सील परत मागा. आणि रंग न मारता माल द्यायला सांगा, जो ह्याला नाही म्हणतो तिथं चेन देऊ नका.

एक सांगायचं राहिलं, ॲडजस्टरचा व्हॉल्व्ह उघडताना समोर उभं राहू नका, आतल्या ग्रीसला भयानक प्रेशर असतं, एक फेरा ढिला करून थांबायचं. चेनला झोल 20 ते 30 मिमी ठेवायचा, वरून चेन उचलून धरणारा कॅरिअर रोलर आणि आयडलरच्या मध्ये, लई टाइट केली तरी बुश तेवढाच झिजतो.

तक्रारीचं म्हणाल तर लोक सांगतात धंद्याची मशीन ग्राहक कायद्यात येत नाही. पण 2019 च्या कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी वापरलेल्या वस्तूला सूट आहे आणि आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखापर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. माझ्याकडं त्याच्या हातचा तो कागद, यूपीआयची एंट्री आणि फिटरच्या वहीतली मापं एवढंच आहे, वकील म्हणतो चालेल. चेन मात्र आता टर्न पण होत नाही, वेल्डिंगच्या जागी बुशला तडे गेलेत, नवीनच घ्यावी लागणार.