चोक कशाने ठरवावा: गेजने की कागदाने?

कोल्हापूरच्या नेमबाजाला १०, २५ आणि ५० मीटर ही अंतरे पाठ असतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी मिळवलेले कांस्यपदकही ५० मीटर रायफलचेच होते. रायफल सोडून शॉटगन हाती घेणाऱ्याची ही ठरलेली अंतरे सुटतात, कारण लक्ष्य म्हणून हवेत फेकलेली तबकडी उडत असते आणि दर वेळी वेगळ्या टप्प्यावर सापडते. छऱ्यांचा पसारा त्या टप्प्याला जुळावा म्हणून नळी तोंडाशी किंचित आवळलेली असते आणि त्या आवळण्यालाच चोक म्हणतात.

बारा बोअर या शॉटगनच्या नेहमीच्या मापात नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो. सिलिंडर चोकमध्ये आवळ नसतो. पुढच्या प्रकारांत तो वाढत जातो: स्कीट चोकमध्ये सुमारे ०.१३, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमध्ये ०.२५, मॉडिफाइडमध्ये ०.५, इम्प्रूव्ह्ड मॉडिफाइडमध्ये ०.७५ आणि फुलमध्ये १ मिलिमीटरच्या आसपास असतो. हे आकडे उत्पादकागणिक थोडे बदलतात, म्हणून नळीवरच्या शिक्क्यावर विसंबून निर्णय घेणे मला योग्य वाटत नाही.

चोक ओळखण्याचा पहिला मार्ग गेजचा, म्हणजे व्यास मोजण्याच्या उपकरणाचा. येथे नवख्याची चूक बहुधा एकच होते: तो व्हर्नियरने फक्त तोंडाचा व्यास घेतो. तोंड १७.७ मिलिमीटर भरले, तर मागची नळी १८.४ असताना आवळ ०.७ येतो आणि नळी १८.७ असताना तो पूर्ण १ मिलिमीटर होतो. म्हणजे तोच आकडा एका बंदुकीत इम्प्रूव्ह्ड मॉडिफाइडजवळचा, तर दुसऱ्या बंदुकीत फुल ठरतो. त्यामुळे चोकच्या मागे, जिथे नळी सरळ आहे, तिथला व्यास बोअर गेजने घेऊन त्यातून तोंडाचा व्यास वजा करावा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक भागातल्या टर्नरला हे गेज नवे नाही. तरी गेज बंदुकीपाशी आणावे, बंदूक वर्कशॉपमध्ये नेऊ नये, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीच्या दुरुस्तीच्या कामालाही परवाना लागतो. माप घेण्याआधी नळी उघडून ती रिकामी असल्याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करावी.

दुसरा मार्ग कागदाचा, आणि माझा कौल त्यालाच आहे. सुमारे ३६.५ मीटरवर लावलेल्या मोठ्या कागदावर एक बार टाकावा, छिद्रे जिथे सर्वांत दाट पडली त्या भागाभोवती ७६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे आणि आतली छिद्रे मोजावीत. त्याच जातीचे एक काडतूस अधिकृत बंदूकदुरुस्ती करणाऱ्याकडून उघडून घेऊन छऱ्यांची एकूण संख्या कळली, की टक्केवारी निघते: सिलिंडरला सुमारे ४०, मॉडिफाइडला ६०, फुलला ७०. एका कागदावरून काही ठरवू नये. निदान पाच कागदांची सरासरी घ्यावी. हे वेळखाऊ आणि खर्चाचे आहे, पण गेज फक्त पोलाद मोजते, तर काडतूस बदलल्याने पडलेला फरक कागदच दाखवतो.

स्कीट आणि ट्रॅप हे तबकडी नेमबाजीचे दोन प्रकार. स्कीटमध्ये तबकडी साधारण २० मीटरच्या आत फुटते. तेवढ्या अंतरावर फुलचा पसारा फार लहान राहतो आणि अगदी थोडी चूकही भोवते. तिथे स्कीट चोक घ्यावा आणि त्याचा कागदही २० मीटरवरच तपासावा. ट्रॅपमध्ये तबकडी नेमबाजापासून दूर पळते आणि तिच्यावर दोन बार टाकता येतात, म्हणून पहिल्या नळीला मॉडिफाइड किंवा इम्प्रूव्ह्ड मॉडिफाइड आणि दुसरीला फुल ही विभागणी सयुक्तिक आहे.

दोन्ही प्रकार खेळायचे असतील, तर आट्यांवर बसणारे बदलते चोक असलेली बंदूक सोयीची पडते. केवळ ट्रॅप खेळणाऱ्याला स्थिर चोक पुरतो. बदलता चोक घेतल्यास प्रत्येक सत्राआधी तो घट्ट बसला आहे का ते पाहावे आणि चोक काढून ठेवलेल्या नळीतून बार कधीही टाकू नये, कारण त्याने नळीच्या तोंडाचे आटे खराब होतात.