जिम्नीला ४० मिमी लिफ्ट आणि २१५/७५ आर१५ टायर: रोजच्या गाडीला एवढंच पुरे

मारुतीची पाच दारांची जिम्नी रोज ऑफिसला न्यायची आणि पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरही घालायची असेल, तर लिफ्ट करताना, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडीची उंची वाढवताना, ४० मिमीच्या वर उचलू नये. नुसते स्पेसर (स्प्रिंगला लावून उंची वाढवणारे ठोकळे) तर नकोतच. त्यात शॉकअब (धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) मूळचेच राहतात, चाक खड्ड्यात लटकलं की ते लवकर पूर्ण ताणले जातात आणि 'खट्' आवाज येतो. चार स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे लांब शॉकअब असा पूर्ण सेटच घ्या.

बसवताना एक गोष्ट डोळ्यांदेखत करून घ्या: बुशचे (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी तुकड्यांचे) बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळायचे. गाडी जॅकवर असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. लिफ्टने कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कोन) कमी होतो; हायवेवर स्टिअरिंग भरकटायला लागलं तर कॅस्टर करेक्शन बुश टाका.

टायर ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांसाठीचे), २१५/७५ आर१५. मूळच्या १९५/८० पेक्षा व्यास जेमतेम १० मिमी जास्त, स्पीडोमीटरचा फरक दीड टक्का. २३५/७५ दिसतो झकास, पण व्यास ४० मिमीने वाढतो, पूर्ण वळवल्यावर घासायची शक्यता असते आणि १.५ लिटरच्या इंजिनाचा पिकअप बसतो.

गाडी उचलल्यावर हेडलाइटचा झोतही वर जातो, तो खाली सेट करायला विसरू नका.