मोठे कॅलिपर बसवले, पॅडल मऊच: हवा कशाने काढावी?

मागच्या ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क आल्या किंवा पुढे मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) बसले, की गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं: "मार पंप... धर... सोड!" बाटलीभर ब्रेक ऑइल जातं, पॅडल तरी खालीच. मग कोणी सांगतो व्हॅक्यूम पंप घे, कोणी सांगतो प्रेशर ब्लीडरशिवाय जमायचं नाही. काहीही विकत घ्यायच्या आधी मुळात आत हवा आहे का, तेवढं बघा. अपग्रेडनंतर मऊ लागणाऱ्या प्रत्येक पॅडलचा दोष हवेचा नसतो.

इंजिन बंद ठेवून पॅडल दोन-तीनदा भराभर मारा. वर आलं आणि दगडासारखं टणक झालं, तर पॅड डिस्कपासून लांब राहिले असण्याचा संशय आधी घ्यावा. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा असेल तर हे फार होतं. तिथे पिस्टनचं ॲडजस्टमेंट चुकलं की कितीही ऑइल काढा, फरक पडत नाही. वर येऊनही पॅडल स्प्रिंगसारखं दबत असेल तर ती हवा. आणि पाय स्थिर धरला असताना ते हळूहळू खाली सरकत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचे सील गेलेत. तिथे ब्लीडिंगचा, म्हणजे ऑइल काढत हवा बाहेर घालवण्याचा, काही उपयोग नाही.

आणखी एक शक्यता असते ती मापाची. कॅलिपरचे पिस्टन मोठे झाले आणि मास्टर सिलिंडर जुनाच राहिला, तर जास्त ऑइल ढकलावं लागतं, म्हणून पॅडल खोल जातं. यावर मास्टर बदलणारेही आहेत. पण 7/8 इंच बोअरऐवजी (आतल्या व्यासाऐवजी) 1 इंचाचा टाकला, तर तेवढ्याच प्रवासात ऑइल सुमारे 31 टक्के जास्त सरकतं आणि पायाच्या त्याच जोराला दाब सुमारे 23 टक्के कमी मिळतो. पॅडल टणक लागेल, गाडी मात्र थांबायला जोर मागेल.

सगळ्यात स्वस्त तपासणी डोळ्यांची. निपल (हवा काढायला सैल करायचा पोकळ स्क्रू) कॅलिपरच्या अगदी वरच्या टोकाला आहे ना? डावा कॅलिपर उजवीकडे बसला की निपल खाली जातो आणि वर अडकलेली हवा कुठल्याच पद्धतीने निघत नाही. आफ्टरमार्केट किटमध्ये हा घोळ मी सर्वांत आधी बघतो.

आता पद्धती. दोघांनी मिळून पॅडल मारणं फुकट आहे आणि चांगल्या जोडीच्या हातात आजही उत्तम चालतं. फक्त घाई नको. भराभर पंप मारला की हवेचे बारीक बुडबुडे होऊन ऑइलमध्ये मिसळतात आणि मग तासभर वाट पाहावी लागते. गाडी जुनी असेल तर पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. नाहीतर मास्टरचा पिस्टन एरवी जिथे कधी जात नाही त्या गंजक्या भागावर सील घासून फाटू शकतात. निपल बंद केल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हे पॅडलवर बसणाऱ्याला दहा वेळा सांगावं लागतं.

हातातला व्हॅक्यूम पंप एकट्याला सोयीचा. कोरडा कॅलिपर पहिल्यांदा भरायला तर फारच चांगला. पण शेवटचा निकाल त्याच्यावर सोडू नये. निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि पारदर्शक नळीत साबुदाण्यासारखे बुडबुडे येतच राहतात. माणूस ऑइलवर ऑइल घालत बसतो आणि लाइन केव्हाच स्वच्छ झालेली असते. आट्यांना थोडं ग्रीस लावलं की हा भास बराच कमी होतो.

एकट्यानेच काम करायचं असेल आणि हे वारंवार करावं लागणार असेल, तर माझा कौल प्रेशर ब्लीडरला. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या तोंडावर ॲडॉप्टर लावून 10 ते 15 पीएसआय दाब द्यायचा. ऑइल न थांबता वाहतं आणि मास्टरच्या सीलवर ताण येत नाही. खरी अडचण ॲडॉप्टरची. तुमच्या टाकीला घट्ट बसणारं झाकण मिळालं नाही तर ऑइल उडून रंग सोलून काढतं, म्हणून शेजारी पाण्याची बादली हवीच. ब्लीडरमधलं ऑइल संपू दिलं तर टाकीत हवाच भरली जाते आणि सगळं पहिल्यापासून.

निपल उघडून ऑइल आपोआप गळू देण्याची पद्धत संथ, पण एखादा हट्टी बुडबुडा काढायला बरी. टाकीवर मात्र नजर ठेवावी लागते.

काम करताना टाकी पूर्ण रिकामी झाली असेल तर एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत वरचं बहुतेक सगळं अपुरं पडू शकतं. हवा एबीएसच्या मॉड्युलमध्ये शिरली की बऱ्याच गाड्यांत स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण) लावून त्यातला पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. त्या वेळी नवं उपकरण घेण्यापेक्षा स्कॅनर असलेल्या गॅरेजला पैसे द्यावेत. टाकी कोरडी पडलीच नसेल तर सहसा याची गरज पडत नाही.

कोणत्या चाकाची हवा आधी काढायची तो क्रम इंटरनेटवरच्या अमेरिकन व्हिडिओवरून घेऊ नका. तिथे मास्टर डावीकडे, आपल्याकडे तो बहुधा उजवीकडे. त्यामुळे सगळ्यात लांबचं, म्हणजे सहसा सुरुवातीचं, चाक डावं मागचं. काही गाड्यांत लाइन तिरप्या विभागलेल्या असतात, तिथे मॅन्युअलचा क्रमच खरा. ऑइल सीलबंद बाटलीतलंच घ्या. मागच्या पावसाळ्यात उघडलेल्या डब्यातल्या ऑइलने ओल धरलेली असते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो: डॉट 4 चा किमान आकडा कोरड्या अवस्थेत 230 अंश, ओल धरल्यावर 155. सिलिकोनचं डॉट 5 मात्र यात मिसळू नका, डॉट 5.1 वेगळं, ते चालतं.

चाकं चढवण्याआधी इंजिन चालू करून पॅडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा आणि सोबत्याला प्रत्येक जोडावर टॉर्च मारायला सांगा. बूस्टरमुळे पॅडल सुरुवातीला थोडं खाली जाणार, ते ठीक. त्यानंतरही सरकत राहिलं तर गाडी जॅकवरून उतरवू नका.