चार भोकांचे गॅस्केट

माझ्याकडे 2010 सालची पोर्शे बॉक्स्टर आहे, आणि ती मी निवृत्तीच्या पैशांतून जुन्या बाजारात घेतली, हे आधीच सांगून टाकतो. कारण या प्रकरणात गाडीपेक्षा माझ्या हौसेचाच गैरफायदा अधिक घेतला गेला. दोन माणसांची, छप्पर दुमडणारी, 2.9 लिटरची ही गाडी बडोद्यात फार तर रविवारी सकाळी अलकापुरीपर्यंत आणि कधीमधी अहमदाबादेपर्यंत जाते. गेल्या पावसाळ्यात ती बरेच दिवस मांजलपूरच्या पार्किंगमध्ये उभी होती. एका संध्याकाळी थोडेसे फिरवून आणल्यावर मागच्या बाजूने गोडसर वास आला, आणि दुसऱ्या दिवशी फरशीवर, उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, तळहाताएवढा गुलाबी ओघळ दिसला. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, गळत होते, एवढे मलाही कळले.

या गाडीचे इंजिन पुढे नसते आणि मागच्या डिकीतही नसते. ते दोन आसनांच्या पाठीमागे, मागच्या आसाच्या पुढे बसवलेले असते. डिकी उघडली की ऑइल घालायचे आणि कूलंट घालायचे अशी दोन झाकणे तेवढी दिसतात. रेडिएटर मात्र पुढे, दोन्ही कोपऱ्यांत आहेत, त्यामुळे कूलंटला मागून पुढे आणि पुढून मागे असा गाडीच्या पोटाखालून लांबचा प्रवास करावा लागतो. धातूच्या लांब नळ्या आणि त्यांना जोडणारे रबरी पाइप यांतून तो होतो. पंधरा वर्षांनी रबर कडक होऊन तडकते, यात गाडीला दोष देता येणार नाही. पण गळती नेमकी कुठे आहे, हे मालकाला वाकूनही दिसत नाही, आणि ज्याला फसवायचे आहे त्याच्यासाठी यापेक्षा सोयीची गोष्ट नाही.

माझ्या साडूंनी शहराबाहेरच्या एका गॅरेजचे नाव सुचवले. मालक मराठी, दांडिया बाजारातल्या गणपतीच्या वर्गणीला दरवर्षी येणारा, म्हणजे ‘आपला माणूस’. मी गेलो तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला, चहा मागवला आणि गाडी लिफ्टवर न घेताच डिकीतले कूलंटचे झाकण उघडून इंजिन चालू करायला सांगितले. टाकीत बुडबुडे येत होते. मग त्याने ऑइलच्या झाकणाच्या आतून बोट फिरवले आणि त्यावरचा पिवळसर फेस माझ्यासमोर धरला.

“काका, हेड गॅस्केट उडालंय. पाणी ऑइलमध्ये चाललंय. आता चालवलीत तर इंजिनच जाईल.”

हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचे झाकण, आणि हेड गॅस्केट म्हणजे त्या दोहोंमधला सांधा बंद ठेवणारी पातळ पट्टी. बुडबुडे आणि फेस ही दोन्ही लक्षणे ते गेल्याची खरी लक्षणे असू शकतात, म्हणून तर ती पटली. कूलंट कमी झाल्यावर आत शिरलेली हवाही झाकण उघडे असताना बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते. पावसाळ्यात गाडी थोडीथोडीच चालली आणि ऑइल पुरेसे तापले नाही, तर वाफ झाकणापाशी साचून तसाच फेस तयार होतो. गॅस्केट खरोखर गेले आहे की नाही, हे तपासायचा साधा मार्ग आहे: टाकीच्या तोंडाशी निळे रसायन भरलेली नळी धरतात, आणि जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळे पडते. पाइपची गळती शोधायची असेल तर टाकीला हातपंप जोडून दाब देतात आणि थेंब कुठून येतो ते खालून पाहतात. यांपैकी त्याने काहीच केले नाही आणि मीही विचारले नाही. पोर्शे बाळगणाऱ्या माणसाने पैशांची घासाघीस करावी, याचा मला संकोच वाटला, हे कबूल करायला हवे.

एकूण 1,85,000 रुपये ठरले. एक लाख आगाऊ रोख, आणि उरलेले त्याच्या भाच्याच्या खात्यावर यूपीआयने. पावती साध्या लेटरहेडवर हाताने लिहिलेली होती, तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, आणि ‘हेडचे काम, कूलंट, मजुरी’ यापलीकडे तपशीलही नव्हता. तिसऱ्या दिवशी गाडी तयार झाली. या गाडीचे हेड उतरवायचे तर व्यवहारात इंजिन खाली घ्यावे लागते आणि हेड सपाट आहे का ते यंत्रशाळेत तपासून घ्यावे लागते, त्यामुळे ती इतक्या लवकर तयार होणे हाच एक इशारा होता. मी मात्र त्याच्या तत्परतेचे कौतुक केले, आणि विश्वासाची खूण म्हणून त्याने दिलेले ‘जुने गॅस्केट’ पिशवीत घालून घरी आणले.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी एक्स्प्रेस वेवर, नडियादच्या अलीकडे, कूलंटचा दिवा लुकलुकू लागला आणि काटा चढला. गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद केले, म्हणून ते वाचले. तिथून गाडी टोइंगच्या ट्रकवर चढवून अहमदाबादच्या एका कारागिराकडे नेली. त्याने लिफ्टवर घेऊन दाब दिला, आणि दोनच मिनिटांत मला खाली बोलावले. इंजिनाच्या पुढे, धातूच्या नळीला जोडलेला एक रबरी पाइप तोंडाशी तडकला होता. कोणीतरी तडकलेले टोक कापून, आखूड झालेला पाइप ताणून पुन्हा चढवला होता, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती आणि पाइप घट्ट धरणाऱ्या मूळच्या स्प्रिंगच्या क्लॅम्पऐवजी स्क्रूचा क्लॅम्प इतका आवळला होता की त्याची धार रबरात रुतली होती. इंजिन ज्या बोल्टांवर टांगलेले असते त्यांवर जुनी धूळ आणि गंज तशीच्या तशी होती. त्यांना पाना लागलेलाच नव्हता. आतले कूलंट हिरवे होते आणि त्यात नळाचे पाणी मिसळलेले दिसत होते. आजव्याच्या तलावाचे पाणी आम्ही पिढ्यान् पिढ्या आवडीने पीत आलो आहोत, पण क्षारांचे पाणी ॲल्युमिनियमच्या इंजिनात घालायचे नसते.

मग मी त्याला फोनवर त्या जुन्या गॅस्केटचे छायाचित्र दाखवले. तो हसला नाही, फक्त सिलिंडरची मोठी भोके मोजायला सांगितली. चार होती. बॉक्स्टरचे इंजिन सहा सिलिंडरचे, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला असे आहे, तेव्हा तिच्या प्रत्येक हेडच्या गॅस्केटला अशी तीनच मोठी भोके असतात. माझ्या हाती दिलेले गॅस्केट चार सिलिंडरच्या एखाद्या साध्या गाडीचे होते.

नवा पाइप, योग्य क्लॅम्प, सगळी यंत्रणा धुऊन गाडीला लागू असलेले कूलंट आणि ते हवा राहू नये म्हणून निर्वात करून भरण्याची मजुरी मिळून 22,400 रुपये झाले. निळ्या रसायनाची चाचणीही त्याने केली. रंग निळाच राहिला. माझ्या विनंतीवरून त्याने जे दिसले ते सगळे सहीशिक्क्यानिशी लिहून दिले, आणि काढलेला पाइप क्लॅम्पसकट मला दिला.

गॅरेजवाल्याने पहिल्यांदा ‘दुसरा पाइप फुटला असेल’ असे सांगितले, दुसऱ्यांदा फोन उचलला नाही. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेल्या नोटिशीला उत्तर आले नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून काही घडले नाही, तेव्हा ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील नसला तरी चालतो, पण कागद लागतात. रोख दिलेल्या एक लाखाचा पुरावा म्हणजे त्याच दिवशीची बँकेतून पैसे काढल्याची नोंद आणि ती हाताने लिहिलेली पावती, एवढाच माझ्याकडे आहे. यूपीआयची रक्कम भाच्याच्या नावावर गेली असल्यामुळे त्याचाही खुलासा अर्जात करावा लागला.

साडू अजून म्हणतात की गॅरेजवाल्याकडून चूक झाली असेल, उगाच कोर्टकचेरी नको. मी त्यांना गॅस्केट दाखवले आणि भोके मोजायला सांगितली. त्यांनी मोजली, आणि विषय बदलला. आता ते वर्तमानपत्रात गुंडाळून, फाटक्या पाइपसोबत, कपाटात ठेवले आहे. सुनावणीला दोन्ही न्यायची आहेत.