गॅलागा उभा, ग्रॅडियस आडवा: जुन्या स्पेस शूटरसाठी हँडहेल्ड कुठला घ्यावा

हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं छोटं गेम मशीन, घ्यायचा म्हटलं की सगळे आधी प्रोसेसर आणि रॅम विचारतात. पण तुम्हाला मुख्यतः गॅलागा, ग्रॅडियस, आर-टाइप, रायडेन असले विमानवाले गेम खेळायचे असतील तर तो प्रश्न बाजूला ठेवा, कारण 1981 चा गॅलागा काय आणि 1987 चा आर-टाइप काय, आजच्या स्वस्तातल्या मशीनवर पण आरामात चालतो. खरी निवड ठरते स्क्रीनच्या आकारावर आणि बटण दाबल्यावर गोळी किती पटकन सुटते त्यावर.

आधी एवढं ठरवा की तुम्हाला उभे गेम जास्त आवडतात की आडवे. गॅलागा, झेव्हियस, रायडेन हे उभे, आर्केडच्या (नाणं टाकून खेळायच्या) पेटीत टीव्हीच उभा बसवलेला असायचा, शत्रू वरून येतात आणि आपण खाली. ग्रॅडियस, आर-टाइप, सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरचा थंडर फोर्स 4 हे आडवे, डावीकडून उजवीकडे जाणारे. उभा गेम आडव्या स्क्रीनवर टाकला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि मधल्या चिंचोळ्या जागेत सगळी लढाई.

आता मापं बघा. मियू मिनी प्लस आणि अँबरनिक आरजी35एक्सएक्स, दोघांची स्क्रीन 3.5 इंच, 640 बाय 480. ग्रॅडियससारखा आडवा गेम यावर साधारण 71 बाय 53 मिमी दिसतो, मस्त भरलेला, पण गॅलागा होतो 53 उंच आणि फक्त 40 रुंद. एवढ्या जागेत रायडेनच्या बारीक गोळ्या चुकवायच्या म्हणजे डोळ्यांचे हाल. चित्र फिरवायची सोय आहे, पण मग मशीन पण आडवं धरावं लागतं आणि सगळी बटणं एका अंगाला जातात, त्यात मजा नाही.

पॉवकिडी आरजीबी30 ची स्क्रीन 4 इंची आणि चक्क चौकोनी, 720 बाय 720. यावर गॅलागा 72 बाय 54 मिमी येतो, म्हणजे 3.5 इंची स्क्रीन उभी फिरवून जेवढा मिळाला असता तेवढा, आणि मशीन सरळ धरून! आडवा ग्रॅडियस पण तेवढाच मोठा दिसतो, फक्त पट्टे वर-खाली येतात. शिवाय जुन्या 8-बिट निन्टेन्डोच्या 240 ओळी तिप्पट केल्या की बरोबर 720, त्यामुळे चित्र एकदम धारदार. अँबरनिकच्या आरजी क्यूबएक्सएक्सची स्क्रीन पण अशीच चौकोनी. खिशात मियूच बरा बसतो हे खरं, पण शूटरसाठी माझं मत चौकोनाला, आणि ते मी ठामपणे सांगतो.

सोनीचा जुना पीएसपी हँडहेल्ड कोणाकडे मिळत असेल तर त्याचं वेगळं आहे. 4.3 इंच, 480 बाय 272, म्हणजे रुंद आहे पण उंची 3.5 इंची स्क्रीनएवढीच, आणि गॅलागाच्या मूळ चित्रात 288 ओळी असल्यामुळे तो दाबूनच बसवावा लागतो. पण 2006 मध्ये कोनामीने पीएसपीवर ग्रॅडियस कलेक्शन काढलं, पहिले चार ग्रॅडियस आणि वर ग्रॅडियस गायडेन, तेही अधिकृत, एम्युलेटरची (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची) भानगडच नाही. ग्रॅडियसच्या वेड्यांनी एवढ्यासाठी पीएसपी घेतला तरी चालेल, फक्त घेताना मागचं झाकण उघडून बॅटरी फुगलेली नाही ना ते बघा.

आणि फोन? रेट्रोआर्क हे जुने गेम चालवणारं ॲप फुकट आहे, अँड्रॉइडवर होतंच, 2024 पासून आयफोनवर पण आलं. साडेसहा इंची फोन उभा धरला की गॅलागा जवळपास 68 बाय 90 मिमी दिसतो, वरच्या सगळ्यांपेक्षा मोठा, आणि खाली अंगठ्यांना जागा उरते. पण काचेवर अंगठ्याला कड लागत नाही, आपल्याकडच्या दमट हवेत बोटं घामेजतात, आणि मडगाव-पणजी शटलमध्ये एक धक्का बसला की विमान भलतीकडे. गॅलागाला डावं-उजवं आणि फायर एवढंच लागतं म्हणून चालून जातं, आर-टाइपच्या अरुंद बोगद्यात अजिबात नाही, तिथे खरं डी-पॅडच (चार दिशांचं बटण) पाहिजे. फोनला कंट्रोलर जोडणार असाल तर ब्लूटूथपेक्षा यूएसबी-सी वाला घ्या.

कारण उशीर हा शूटरचा खरा शत्रू. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एक फ्रेम सुमारे 17 मिलिसेकंद, आणि दोन-तीन फ्रेम उशिरा विमान हललं की चुकवलेली गोळी पण लागते. रेट्रोआर्कमध्ये रन-अहेड म्हणून सेटिंग आहे, ते गेमच्या आतला उशीर एखाद-दोन फ्रेमने कमी करतं, पण त्यासाठी चिपला जास्त राबावं लागतं, म्हणजे प्रोसेसरचा विचार करायचाच तर तो इथे करा. इयरफोन वायरचेच लावा, नाहीतर स्फोट दिसतो आधी आणि ऐकू येतो मग.

रिबंदर-चोडण फेरीबोटीत नाहीतर किनाऱ्यावर दुपारच्या उन्हात यातली कुठलीच स्क्रीन नीट दिसत नाही, काळ्या अवकाशात तर आपलंच तोंड दिसतं, त्यामुळे ब्राइटनेसच्या जाहिरातीवर पैसे वाढवू नका. पावसात वीज जाते तेव्हा मात्र यांच्यासारखी सोबत नाही. खारी दमट हवा बटणांखालच्या संपर्कांना लागते म्हणून मशीन सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा.

गणेश चवथीला घरात पोरं जमली की सेव्ह-स्टेट (गेम हव्या त्या जागी साठवून तिथूनच परत सुरू करायची सोय) लावून द्या, ग्रॅडियसमध्ये एकदा मेलं की सगळी शस्त्रं जातात आणि नवीन माणूस तिथेच कंटाळतो. निन्टेन्डोवरच्या ग्रॅडियसमध्ये पॉज करून वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए दाबलं की जवळजवळ सगळी पॉवर मिळते, ते त्यांना आधीच सांगून टाका.

हे हँडहेल्ड बहुतेक बाहेरून मागवावे लागतात, तेव्हा कुरियर आणि कस्टम ड्युटी धरूनच किंमत बघा. सोबत येणाऱ्या कार्डात हजारो गेम भरलेले असतात, ते परवान्याशिवायचे असतात आणि कार्ड पण अनेकदा हलकं असतं, चांगल्या कंपनीचं नवीन घ्या आणि स्वतःच्या मालकीच्या गेमचीच कॉपी वापरा. आर्केडचा गेम उघडलाच नाही तर मशीनला दोष देऊ नका, रॉमचा (गेमच्या फाइलींचा) सेट एम्युलेटरच्या आवृत्तीशी जुळावा लागतो, उदाहरणार्थ मेम 2003-प्लस या आर्केड एम्युलेटरला मेमच्या 0.78 आवृत्तीवर आधारलेला त्याचा स्वतःचा सेट लागतो आणि फायनलबर्न निओ या दुसऱ्याला नवीनातला नवीन.