डिस्कव्हरी ३ खाली बसते आहे: एअर सस्पेन्शन दुरुस्त करावे की कॉइल स्प्रिंगा बसवाव्यात?

लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ (२००४ ते २००९) रात्रभरात एका कोपऱ्यात बसू लागली की मालकापुढे दोन पर्याय असतात: हवा भरलेल्या रबरी एअर स्प्रिंगांवर गाडी तोलणारी यंत्रणा (एअर सस्पेन्शन) दुरुस्त करणे, किंवा ती काढून साध्या कॉइल स्प्रिंगा बसवणे. निवड करण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे कळले पाहिजे. गॅरेजमध्ये पहिला आळ बहुधा स्प्रिंगांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरवर येतो. पण अनेकदा एअर स्प्रिंगच्या रबराला घडीपाशी गेलेली चीर, नळीचा सैल जोड किंवा नीट न मिटणारा व्हॉल्व्ह यांतून हवा झिरपत असते, आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसर तापून निकामी होतो. गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

गळती शोधण्यात एक मेख आहे. उभी गाडी अधूनमधून आपोआप समतल होते आणि बसलेल्या कोपऱ्याच्या पातळीला बाकीचे कोपरे उतरवते, त्यामुळे दोषी कोपरा लपून राहतो. म्हणून रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढावा, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे आणि सकाळी पुन्हा मोजावे. उतरलेल्या कोपऱ्यात साबणाचे पाणी फवारून बुडबुडे पाहावेत. मात्र भक्कम स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली कोणीही शिरू नये.

एकच स्प्रिंग गळत असेल आणि कॉम्प्रेसर ठणठणीत असेल, तर दुरुस्तीच करावी, यात मला शंका वाटत नाही. खडकाळ वाटेवर गाडी सुमारे ५५ मिलिमीटर उचलण्याची आणि मागे सामान भरले तरी पातळी राखण्याची सोय कॉइल स्प्रिंगांत मिळत नाही.

याउलट, एकाहून अधिक स्प्रिंगा, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसर असे सगळेच एकदम थकले असतील आणि गाडी डांबरी रस्ता सोडत नसेल, तर कॉइल स्प्रिंगांचा हिशेब पटण्यासारखा आहे. हवेची कटकट कायमची मिटते, पण उंची एकच राहते आणि जड सामानाने मागची बाजू दबते. शिवाय हवेची यंत्रणा जागेवरच आहे अशी मूळ कंट्रोल युनिटची (सस्पेन्शन सांभाळणाऱ्या संगणकाची) समजूत घालणारे मॉड्यूल कॉइल स्प्रिंगांच्या संचात नसेल, तर बिघाडाचा दिवा पेटलेलाच राहतो. बदल विमा कंपनीला लेखी कळवावा आणि काढलेले चांगले भाग गॅरेजमधून परत मागून घ्यावेत. गाडी विकताना पुढचा ग्राहक त्यांची चौकशी करू शकतो.